आडव्या रेघा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लेंडन ऑस्टबीने थर्मासचे झाकण घट्ट लावले, हातमोजे खिशात कोंबले आणि धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या लाकडी मनोऱ्याच्या पायऱ्या तो चढू लागला. नौदलाच्या या विमानतळावरून पक्ष्यांना दूर ठेवायचे, हे त्याचे बावीस वर्षांचे काम. खाली धुक्यात, वाळूच्या दांड्यावर सील प्राणी कण्हत होते.

मागून बांधकाम खात्याची मार्गो पेल्की चढत होती.

"जपून हो, ऑस्टबी. मनोरा सोमवारी पाडायचाय, तुमच्यासकट नाही."

"माझ्यासकट पाडा. निवृत्तीचा केक तरी वाचेल."

छपरावर मासेमार घारींनी घरटे रचले होते. काटक्या, शेवाळ, जाळ्याचा निळा दोर. अंडे नव्हते.

मार्गोने वाकून पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाली, "एकदा अंडं घातलं की कायद्यानं ऑगस्टपर्यंत कुणी हात लावू शकत नाही. तोवर वारसा समितीची सुनावणी होईल, मनोरा वाचेल. पाडकामाच्या अर्जावर तुमची सही लागतेच. तुम्ही ती करायला आठवड्यानं आलात, तर मी कुठं काही बघितलंय?"

तो खालच्या खोलीत उतरला. भिंतभर पेन्सिलीच्या रेघा होत्या. युद्धाच्या दिवसांत त्याची आई, वीस वर्षांची इन्गा, इथे पहाऱ्याला बसे. विमान समुद्रावर गेले की उभी रेघ. परतले की तिच्यावर आडवी. सात रेघा अजून उभ्याच होत्या. शनिवारी पर्यटकांना तो हे सांगे. एकदा एका बाईने विचारले होते, मग तुमची आई किती वेळ थांबायची? त्याला ठाऊक नव्हते.

एवढ्यात मनोरा थरथरला. चार विमाने ओळीने उठली. त्याच वेळी घार मासा घेऊन घरट्याकडे वळली. शेवटच्या विमानावर ती आदळता आदळता वाचली.

खिडकीतून ते पाहून लेंडनने खिशातली पेन्सिल काढली. मग भिंतीवर चार उभ्या रेघा ओढून तो पुन्हा छपरावर गेला. एकेक काटकी उचलून तो पोत्यात भरू लागला.

"अहो, जरा विचार तरी करा."

"केला."

घार बराच वेळ वर ओरडत फिरत राहिली.

काम संपल्यावर तो आईच्या खिडकीत येऊन बसला. कॉफी निवली. तासाभराने विमाने परतली. एक, दोन, तीन. चौथे येईना. मार्गो काही बोलणार होती. त्याने नुसता हात वर केला. बऱ्याच वेळाने धुक्यातून चाके दिसली.

त्याने शेवटची आडवी रेघ ओढली, पेन्सिल खिशात ठेवली आणि मार्गोकडे पेन मागितले. पाडकामाच्या अर्जावर लिहिले, 'घरटे नाही', आणि खाली सही केली.