अहवालातलं शून्य

श्रीगोंद्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या रेश्माला साखर कारखान्यानं संचालक केलं, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. कारखाना खासगी कंपनीचा. कंपनीला शेअर बाजारात उतरायचं होतं आणि त्यासाठी संचालक मंडळावर एक तरी बाई लागणार होती. घरातली नको, बाहेरची आणि शिकलेली बघा, असं मुंबईच्या सल्लागारांनी अध्यक्ष आदिनाथरावांना बजावलं होतं.

रेश्माला हे सगळं ठाऊक होतं. तरी तिला वाटलं, कशासाठी का बोलावेनात, आत गेल्यावर बोलता तर येईल.

कारखाना पर्यावरणासाठी आणि कामगारांसाठी काय करतो ते सांगणाऱ्या शाश्वतता अहवालाच्या समितीचं अध्यक्षपदही तिलाच दिलं. ती ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, जाऊन बसू लागली. तिथं पाथर्डीकडच्या लंकाबाईशी तिची ओळख झाली. लंकाबाई म्हणाली, "पोरं उसाच्या फडात उनात लोळत्यात, बाई. त्यांच्यासाठी कायतरी करा."

बैठकीत रेश्मानं पाळणाघराचा विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेड उभी राहिली, भिंतीवर ससे-मोर रंगवले, फीत रेश्माच्याच हातून कापली, फोटो निघाले. मात्र मुलं सांभाळायला बाई काही नेमली नाही. ती आठवण करून द्यायची, आदिनाथराव "बघू की" म्हणायचे. आठवड्यात शेडला कुलूप लागलं.

जानेवारीत लंकाबाईची नात पूजा, चार वर्षांची पोर, फडात उसाच्या मोळ्यांआड झोपली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना चाक तिच्या पायावरून गेलं. नगरच्या दवाखान्यात पाय घोट्यापासून काढावा लागला.

मार्चमध्ये अहवालाचा मसुदा मंडळापुढे आला. पाळणाघराचा फोटो पानभर होता. शेजारी अपघातांच्या रकान्यात शून्य.

"हे शून्य कसं?" रेश्मानं विचारलं.

"फड काय कारखान्याच्या हद्दीत हाय का?" आदिनाथराव शांतपणे म्हणाले. "आन् माणसं टोळ्या आणनाऱ्या मुकादमाची. आपल्या पटावर न्हाईत."

"मग त्यांच्या पाळणाघराचा फोटो आपल्या अहवालात का?"

एक संचालक मोबाईल चाळत राहिले. आदिनाथराव हसले. "मॅडम, समितीवर बाई हाय म्हनून कंपनीच्या मानांकनात आपल्याला जादा गुण मिळाल्यात. तुमच्या सहीमुळं लोकांचा इस्वास बसतो. एवढं मनाला लावून घेऊ नका."

ते तिला समजवायलाच बोलले होते, पण तिला कळायचं ते कळलं. आपण बोललो ते कुणाच्या कामी आलं नव्हतं, आपण तिथं बसलो ते मात्र कंपनीच्या कामी आलं होतं. तिनं अहवालावर सही केली नाही. आपला विरोध इतिवृत्तात लिहा म्हणाली, तर "आधी शब्द ठरवू" असं उत्तर मिळालं. ते काही लिहिलं गेलं नाही. तिनं राजीनामा दिला आणि त्यात पूजाचं नाव घातलं. कंपनीनं बाहेर कळवलं, व्यक्तिगत कारणास्तव.

अहवाल निघाला तो शून्यासकट. रेश्माच्या जागी या वेळी घरातल्याच, आदिनाथरावांची सून आणि भाचेसून, अशा दोघी आल्या. मंडळावरच्या महिलांची संख्या दुप्पट झाल्याची बातमी पेपरात झळकली. पुण्यात त्याबद्दल कंपनीला पुरस्कारही मिळाला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. रेश्मा कोप्यांवर गेली. पूजा काठी शेजारी ठेवून चुलीपाशी बसली होती. रेश्मानं सगळं सांगितलं: सही केली नाही, खोट्यात राहिले नाही, पद सोडलं, त्या जागी अध्यक्षांच्या घरच्या दोघी आल्या.

लंकाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती.

"तुमचं बरंय बाई, सोडता आलं," ती म्हणाली. "आमाला परत हितंच यावं लागलं. तुमी हुता तवा सांगायला तरी कुनी हुतं. आता त्या दोघींना कुठं गाठू?"

लंकाबाईनं भाकर तव्यावर टाकली आणि पूजाला जाळ पुढं सारायला सांगितलं.