करडा की हिरवट

आमच्या घरात 'करडा' हा शब्द काढायची चोरी होती. समोरच्यांचं मांजर चांगलं करडं आहे, पण आई त्याला 'ते धुरकट' म्हणायची. कारण करडं म्हटलं की बाबा ताट बाजूला सारायचे आणि घड्याळकाकांचा उद्धार सुरू व्हायचा. मग भाजी गार, पोळ्या गार आणि आईचं डोकं तेवढं गरम.

माझे बाबा दात करतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि बाबा मागच्या खोलीत पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली बसून कवळ्या घडवतात. पांढऱ्यात किती पांढरे असतात हे जन्मभर पाहिलेला माणूस, तेव्हा रंगातलं आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं ठाम मत आहे. उरलेला सगळा वेळ रॉकेटांचा. आजकालची नाहीत हं, अगदी सुरुवातीची. माणूस पहिल्यांदा टोकात बसून वर गेला ना, त्या काळातली. हातभर उंचीची, लाकडाची आणि पत्र्याची, एकेक रिव्हेट मोजून केलेली.

घड्याळकाका घड्याळं दुरुस्त करतात. एके काळी दोघं मिळून रॉकेटं करायचे, एकाच डब्यातलं खायचे. मग एका मासिकात त्या पहिल्या रॉकेटचा पानभर रंगीत फोटो आला. आधी पान बाबांच्या घरी राहिलं, मग काकांच्या घरी. बाबा म्हणाले अंगाचा रंग हिरवट आहे. काका म्हणाले करडा, स्वच्छ करडा. तू आंधळा, तू रंगांधळा, असं करत करत एके रात्री भर चौकात ते पान दोघांच्या ओढाताणीत फाटलं. टोक बाबांकडे राहिलं, इंजिनं काकांकडे गेली आणि बोलणं बंद झालं. मी तेव्हा दोन वेण्या घालत होते.

आता जगात मुलगे का कमी होते? पण नाही. मी पडले ती नेमकी घड्याळकाकांच्या मुलाच्या प्रेमात. तो इलेक्ट्रिशियन आहे. लहानपणी त्याने आख्ख्या गल्लीची वीज घालवली होती, तेव्हापासून सगळे त्याला फ्यूज म्हणतात, मीही म्हणते. आमच्या दुकानात तो वायरिंगला आला, शिडीवर उभं राहून त्याने मला पक्कड मागितली आणि मी त्याच्या हातात ब्रश दिला. तिथेच माझं काय ते झालं.

मी घरी सांगितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "त्या करड्या माणसाच्या घरात माझी मुलगी जाणार नाही." तिकडे काकांनीही असंच काहीतरी ऐकवलं, फक्त रंग वेगळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळून जाऊन लग्न करायचं तर मला मुळीच नव्हतं. मला माझ्या लग्नात दोन्हीकडची माणसं हवी होती, नटूनथटून, हसत. फ्यूज म्हणायचा, होईल सगळं हळूहळू. हळूहळू म्हणे! मला हळूहळू काही जमत नाही, भातसुद्धा मी मोठ्या आचेवर करते.

मी रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या मशीनवर असते. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा, फरशीचा टवका, काय वाट्टेल ते आणतं. त्यावर मशीनचा डोळा धरला की कुठला रंग किती थेंब ते पडद्यावर येतं. गावातलं मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन जवळ आलं तसे बाबा आपलं फाटकं टोक घेऊन आले आणि म्हणाले, याला जुळणारा हिरवट दे. दुसऱ्या दिवशी घड्याळकाका आले. माझ्याकडे न बघता त्यांनी इंजिनांचा तुकडा काउंटरवर ठेवला आणि करडा मागितला. मी मशीन लावलं आणि बघतच राहिले. आकडे तेच. थेंबाचा फरक नाही!

अर्थात, एकाच पानाचे दोन तुकडे, वेगळे कसे येणार? मी घरी जाऊन बाबांना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले तुझं मशीन बाथरूमच्या भिंतींसाठी आहे. हात टेकले मी. सरळ एकच रंग मिसळला, दोन डब्यांत ओतला, एका झाकणावर 'हिरवट' लिहिलं, दुसऱ्यावर 'करडा'. दोघांनी आपापल्या घरी नेऊन लावला आणि दोघांचेही निरोप आले की रंग अगदी तंतोतंत जमलाय. बाबांनी तर कधी नव्हे ते माझी पाठ थोपटली.

मला हसू आवरेना. दुकानात एकटीच खिदळत होते, मालक म्हणाले घरी जा, ताप आला असेल. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र हसू कुठल्या कुठे पळालं. बाई गं, ही दोन रॉकेटं एकाच हॉलमध्ये येणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

वाचनालयाच्या वर लांबलचक हॉल आहे. एका टोकाला मोठ्या खिडक्या, दुसऱ्या टोकाला भिंतच भिंत, म्हणून तिथे फ्यूजने टेबलांवर पिवळे बल्ब सोडले होते. संयोजक बाईंना काय कल्पना, त्यांनी दोन्ही रॉकेटं एकाच टेबलावर मांडली, बल्बखाली, शेजारी शेजारी. एकाच आईची जुळी मुलं शोभावीत अशी दिसत होती. फ्यूजने माझ्याकडे पाहिलं आणि शिडीवरून उतरायचंच टाळलं.

दोघं दोन जिन्यांनी आले आणि टेबलापाशी समोरासमोर थांबले. किती वर्षांनी एवढे जवळ उभे होते. आधी काकांचा चेहरा खुलला. शेवटी करडा लावलास, आलास ताळ्यावर, असं ते म्हणाले. बाबांचा चेहरा पडला. त्यांनी आपलं रॉकेट उचललं, फिरवून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. करडंच दिसत होतं. माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की आता मी दोन्ही डब्यांत एकच रंग ओतल्याचं कबूल करून टाकणार होते.

तेवढ्यात ते रॉकेट काखोटीला मारून तरातरा खिडकीकडे निघाले. खोट्या दाताचा रंग नेहमी खिडकीपाशी तपासतात ना, तीच सवय. तिथे त्यांनी ते उंच धरलं आणि ओरडले, "हिरवट! ये, ये इकडे, बघ डोळे फाडून!"

काका आपलं रॉकेट घेऊन तावातावाने गेले, खरा करडा दाखवायला. खिडकीत पोचले आणि रॉकेट उलटंसुलटं करून पाहू लागले. त्यांचंही हिरवट होतं. ते तसेच वळले आणि बल्बखाली आले. करडं. बाबा मागोमाग. करडं. पुन्हा दोघं खिडकीकडे. हिरवट. मग काय विचारता! कवळीवाला आणि घड्याळवाला, दोघांचे गुडघे कुरकुरणारे, हातभर रॉकेटं छातीशी धरून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. संयोजक बाई 'अहो, अहो' करत मागे. मधेच वळताना दोघांची टक्कर झाली, काकांच्या रॉकेटचा एक पंख तुटून घरंगळत माझ्या पायाशी आला आणि काका चक्क हसायला लागले. बाबा खाली बसून हसत होते. मी हसताहसता रडत होते, कारण मला बाबांचं असं हसणं आठवतच नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. एकच रंग, दोन डबे. बाबांची पांढरी ट्यूब, काकांच्या टेबलावरचा पिवळा बल्ब. आणि फोटोचं पानही दोघांनी आपापल्या दिव्याखाली बघितलेलं. कुणी रागावलं नाही. काकांनी खिशातल्या पाकिटातून इंजिनं काढली, बाबांनी टोक काढलं. दोघांनीही ते अंगावर बाळगलं होतं. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी तुकडे जोडून ठेवले.

फाटलेल्या रेघेवरून बोट फिरवत काका म्हणाले, "एकदा माझ्या घरी येऊन बघितलं असतंस, तर कळलं असतं रे."

बाबा म्हणाले, "तू तरी कुठे आलास?"

मग दोघांनाही हसता येईना. दोघं खाली मान घालून त्या कागदाच्या कडा सरळ करत बसले. मला ते बघवेना आणि तोंड आवरणं तर मला येतच नाही. मी म्हटलं, आता येणंजाणं सुरू करा, म्हणजे आम्हाला लग्न करता येईल, नाहीतर तुमच्या वयाचे होईस्तोवर आम्हीही असेच खिडकीत बसू.

बाबांनी मान वर केली आणि शिडीवरच्या फ्यूजला खाली बोलावलं. तो आला, हातात पक्कड, कपाळावर घाम. एवढ्या वर्षांत बाबांनी त्याला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. "तुमच्या घरात दिवा कुठला लावणार?"

फ्यूजने काकांकडे पाहिलं, मग बाबांकडे. "दोन्ही," तो म्हणाला. "एकाच खोलीत, दोन बटणं."

बाबांनी काकांकडे बघितलं, काकांनी बाबांकडे, आणि काकांनी तो तुटका पंख माझ्याकडून घेऊन बाबांच्या हातात ठेवला. उद्या घरी ये म्हणाले, मिळून चिकटवू, आणि येताना मुलीला घेऊन ये.

लग्न झालं. दोन्हीकडची माणसं नटूनथटून आली, हसली. आमच्या बाहेरच्या खोलीत दोन बटणं आहेत आणि कपाटावर पान आहे, मागून चिकटपट्टी लावलेलं. दर सुट्टीच्या दिवशी दोघं येऊन बसतात. रॉकेट उडालं तेव्हा ऊन होतं की ढग होते यावर सध्या वाद चालू आहे. एक बटण बाबा दाबतात, दुसरं काका, आणि मी मधे बसून उजेड बदलेल तशी भाजी निवडते.