जयवंतीबाईंनी न खाल्लेली पेज

मित्रांनो, चार पुडांचा स्टीलचा डबा तुमच्याही घरी कुठल्या तरी फळीवर असेल. मी तसलाच, फक्त तुमच्यापेक्षा वयाने थोडा मोठा. माझी कडी सैल झाली आहे, तिसऱ्या पुडाला पोचा आला आहे आणि घासून घासून झाकणावरचं नाव निम्मं पुसलं आहे. तरी बोट फिरवलंत तर लागेल : 'ह. ना. राऊत, गास'. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास गाव आहे, तिथल्या हरिभाऊ राऊतांचा मी डबा. जे सांगणार आहे त्यात माझं कौतुक कमी आणि दोष जास्त आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाईंदरच्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला गेला. साच्यात दाबून, चाकावर धरून मला असं चकचकीत केलं की मलाच माझा गर्व वाटू लागला. वसईच्या बाजारात हरिभाऊंनी मला उचललं ते १९८८ साली. दुकानदाराने टकटक करत माझ्या डोक्यावर नाव कोरलं. दुखलं, पण बरंही वाटलं. आता मी कुणाचा तरी झालो होतो.

घरात माणसं मोजकीच. केळीची वाडी सांभाळणारे हरिभाऊ, त्यांची बायको जयवंतीबाई, एकुलता एक मुलगा देवेंद्र आणि हरिभाऊंची थोरली विधवा बहीण कमळीआत्या. आईबाप लवकर गेल्यावर आत्याने हरिभाऊंना लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे चुलीवर सत्ता तिची आणि तिच्या शब्दापुढे हरिभाऊ मान वर करत नसत. देवेंद्र तेव्हा आचोळ्याच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकत होता. सकाळी मला सायकलच्या कॅरियरला बांधून तो निघायचा. दुपारी त्याचे दोस्त स्वतःचे डबे बाजूला सारून माझ्याभोवती बसायचे. भाकरी, सोड्याची चटणी, वालाची भाजी, कधी रव्याच्या गोड रवळीचा तुकडा. मी रिकामा व्हायचो आणि फुशारून घरी यायचो.

संध्याकाळी माझी परीक्षा असायची. कमळीआत्या कडी काढायची आणि एकेक पूड उपडं करून ओट्यावर आपटायची. भाकरीचा चतकोर जरी पडला तरी ती दोन दिवस देवेंद्रशी बोलत नसे. या घरचा नियमच होता. घरून निघालेला डबा भरलेला परत यायचा नाही, आणि डबा संपल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटावर बसायचं नाही. डबा भरलेला आला तर तो करणाऱ्या बाईच्या हाताचा अपमान. मला हा नियम फार आवडायचा. आवडणारच, त्यात माझाच मान होता.

१९९५ साली देवेंद्रला सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कामावर नोकरी लागली. सामान जास्त झालं म्हणून मी मागे राहिलो. माझ्या पुडांत हळद, तिखट, मोहरी आणि हिंग जाऊन बसले. दोन-अडीच वर्षं मी कुणाच्या भुकेचा वास घेतला नाही.

देवेंद्रची पत्रं यायची. जयवंतीबाईंना अक्षरओळख नव्हती. हरिभाऊ ओटीवर बसून वाचायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. एका पत्रात देवेंद्रने लिहिलं होतं की गेल्या महिन्यात तापाने तो पार झोपला होता, अन्न उतरत नव्हतं. त्याच्या खोलीजवळच्या बाजारात, एका छपराखाली पन्नासेक खाण्याच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या एकीवर एक चिनी म्हातारी तांदळाची पेज करते. आत माशाचे पातळ काप, आलं आणि वरून तळलेला लसूण. तिने त्याच्या खोलीतल्या मित्राच्या हाती पाच दिवस पेज पाठवली, आणि तो बरा होऊन टपरीवर गेल्यावर खुणेने विचारलं, तुझी आई कुठे आहे?

जयवंतीबाईंनी ते पत्र तीन वेळा वाचायला लावलं. मग त्या फळीशी आल्या, मोहरीचं पूड काढायला म्हणून, आणि पदराने डोळे पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

१९९८च्या फेब्रुवारीत देवेंद्रने आईवडिलांना चार दिवसांसाठी बोलावलं. विमान, हॉटेल, सगळं त्याने केलं होतं. समुद्रावरचा सिंहाचा पुतळा आणि पक्ष्यांची बाग दाखवीन म्हणून तो सांगत होता. जयवंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि आपली एकच मागणी सांगितली.

"मला काय बघायचं नाय. त्या बाईच्या हातची पेज खाईन आनि तिच्या पाया पडून येईन. माझ्या जागी ती बसली होती."

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आली? अडचण मीच. परदेशात जायचं म्हटल्यावर कमळीआत्याने मला फळीवरून उतरवलं, चिंचेने घासलं आणि काठोकाठ भरलं. पहिल्या पुडात तांदळाच्या भाकऱ्या, दुसऱ्यात चटणी, तिसऱ्यात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी आणि लाडू. चौथ्यात ओल्या नारळाच्या करंज्या, कारण देवेंद्रला त्या आवडायच्या. हरिभाऊंना तिने दारात बजावलं की पोराच्या जिवावर जेवायला जाऊ नका, आणि अन्न टाकू नका. हरिभाऊंनी मान हलवली. मी तर आनंदाने नुसता फुगलो होतो. विमानात बसणारा गासमधला पहिला डबा मीच असेन अशी माझी खात्री होती.

पहिल्या संध्याकाळी देवेंद्र त्यांना विमानतळावरून थेट त्या बाजारात नेणार होता. हरिभाऊ म्हणाले, आधी घरचं आहे ते संपवू. हॉटेलच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून तिघं भाकरी-चटणी जेवले. देवेंद्रने दोन करंज्या खाल्ल्या, आत्याच्या हाताची तारीफ केली, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. टपरी आठला बंद व्हायची.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली. एका गल्लीत बांबूच्या करंड्यांतून वाफ निघत होती. जयवंतीबाई थबकल्या आणि आत काय आहे म्हणून विचारू लागल्या. देवेंद्रचा चेहरा असा खुलला की काय सांगू! तो करंड्या उघडून दाखवू लागला : हे तांदळाच्या पिठाचं, हे पानात बांधलेलं, आपल्याकडे पातोळ्या करतात तसंच बघ आई. तेवढ्यात मागे हरिभाऊ बाकावर बसून माझी कडी काढत होते. कडीचा आवाज ऐकून जयवंतीबाई निमूटपणे वळल्या. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या भरलेल्या पोटाची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी भाकऱ्या संपल्या, चटणी संपली, लाडू संपले. सुकेळी टिकणारी, ती देवेंद्रला ठेवायची ठरलं. उरल्या सात करंज्या. तिथली हवा दमट, आणि मी हवाबंद. झाकण उघडताच देवेंद्रने नाक आक्रसलं आणि म्हणाला, "बाबा, आंबल्यात या. टाकून द्या आणि चला." हरिभाऊंनी एक करंजी हातात घेतली. त्यांनाही वास आला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण मुलासमोर, तेही थोरल्या बहिणीने, अक्काने दिलेलं अन्न टाकणं त्यांच्या हातून होईना. काही झालेलं नाही, असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. देवेंद्र कामावर निघून गेला. जाताना तो आईला म्हणाला, की उद्या सकाळी दहाला मी येतो, म्हातारीला सांगून ठेवलंय, ती तुझ्यासाठी चांगला मासा राखून ठेवणार आहे.

त्या दुपारी हरिभाऊ डुलकी घेत असताना जयवंतीबाईंनी मला मांडीवर घेतलं. सातच्या सात करंज्या त्यांनी एकटीने खाल्ल्या. प्रत्येक घासाला तोंड वाकडं व्हायचं, तरी पाण्याबरोबर गिळत होत्या. नियम मोडायचा नव्हता आणि उद्याची पेज चुकवायची नव्हती. डबा रिकामा झाला की त्या मोकळ्या होणार होत्या. शेवटचं पूड त्यांनी बेसिनमध्ये धुतलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला ओरडावंसं वाटलं.

पहाटेपासून उलट्या सुरू झाल्या. दहाला देवेंद्र नवा शर्ट घालून दारात उभा. जयवंतीबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. काय झालं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे कालचं मुलाचं बरोबर होतं हे कबूल करायचं, आणि अक्काच्या हातचं बाधलं हेही. हरिभाऊंनी दाराशीच त्याला अडवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "राहू दे आता. तिला इथलं खायला नको वाटतं. आल्यापासून मन नाही तिचं."

हे जयवंतीबाईंनी ऐकलं. नवऱ्याला खोटं पाडायचं, तर करंज्या करणाऱ्या नणंदेचं नाव घ्यावं लागलं असतं. त्या भिंतीकडेच तोंड करून पडून राहिल्या.

देवेंद्र तसा हार मानणारा नव्हता. तासाभराने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली गरम पेज घेऊन परत आला. हॉटेलच्या कपात ओतून त्याने आईला उठवून बसवलं. त्या पेजेचा वास मी टेबलावरून घेतला. आलं, लसूण, ताजा मासा. आमच्या चुलीवरही असाच वास यायचा. जयवंतीबाईंनी दोन्ही हातांनी कप धरला, ओठांपर्यंत नेला, आणि त्यांना उलटीची जोराची उबळ आली. कप सांडला. देवेंद्रच्या नव्या शर्टावर, चादरीवर, जमिनीवर सगळीकडे पेज झाली.

तो काही रागावला नाही. टॉवेलने जमीन पुसत एवढंच म्हणाला, "असू दे आई. जबरदस्ती नाही." पण त्याच्या आवाजात काहीतरी बंद झालं होतं. मी रोज त्याच्याबरोबर जेवलेला डबा, मला कळणार नाही तर कुणाला? त्या संध्याकाळी विमानतळावर तो सुकेळी न्यायला विसरला.

घरी आल्यावर कमळीआत्याने मला उपडं करून आपटलं. चुऱ्याचा कण पडला नाही, पडली ती सुकेळी, आणि टिकणारं म्हणून ती तिने माफ केली. तिने माझी पाठ थोपटली. आयुष्यातली ती शेवटची शाबासकी, आणि ती मला विषासारखी लागली.

त्यानंतर देवेंद्रची पत्रं आखूड झाली. काम, हवा, तब्येत. काय खाल्लं हे त्याने पुन्हा कधी लिहिलं नाही. जयवंतीबाई हरिभाऊंना सांगायच्या, खरं काय झालं ते लिहा ना त्याला. ते 'बरं' म्हणायचे आणि हवापाणी लिहून पत्र चिकटवायचे. २००१ साली कमळीआत्या गेली. मग घरात नव्याने आलेल्या फोनवर एका दुपारी जयवंतीबाईंनी स्वतः सांगितलं.

"देवेंद्र, त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं रे. करंज्या आंबल्या होत्या. मला ती पेज खायाचीच होती."

पलीकडून तो मायेने म्हणाला की हो आई, मला माहीत आहे, तू कशाला मनाला लावून घेतेस. त्यांनी फोन ठेवला. मुलाने समजूत घातली होती, विश्वास ठेवला नव्हता. आपण पुन्हा जाऊ, असं त्या हरिभाऊंना दोनदा म्हणाल्या. तोवर त्या छपराच्या जागी नवी इमारत उठली होती आणि म्हातारी कुठे गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

२००४च्या डिसेंबरात जयवंतीबाई गेल्या. तेराव्यानंतर देवेंद्र परत निघाला, त्या सकाळी हरिभाऊंनी मला फळीवरून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने डबा भरला. पुडांचा क्रम चुकला. मला ओटीवर देवेंद्रसमोर ठेवून, जमिनीकडे बघत, त्यांनी त्या चौथ्या दिवसाचं सगळं सांगून टाकलं. सात करंज्या आईने का खाल्ल्या, तेही. धुतलेलं पूड बघून त्यांना त्याच दुपारी कळलं होतं.

देवेंद्रने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "आईला आवडली असती का हो ती?"

चाळीस वर्षं ज्या बाईबरोबर जेवले, तिला काय आवडतं हे हरिभाऊंना सांगता येईना. रिक्षा आली. देवेंद्रने बॅग उचलली, वडिलांच्या पाया पडला आणि गेला. मी ओटीवरच राहिलो. त्याला मी दोष देत नाही.

मला नंतर कुणी रिकामं केलं नाही. आतलं तिथेच वाळून गेलं. मित्रांनो, भांडी घासूनपुसून ठेवा, असं तुम्हाला सांगणारे पुष्कळ आहेत. माझं मागणं उलटं आहे. परमुलखात तुमचं माणूस ताट वाढून वाट बघत असेल, तर घरचं काही बांधून नेऊ नका. हात हलवत जा, आणि भुकेले जा.