काळी डबी

माझं काम आईला कळत नाही, असं मी चारचौघांत हसत सांगायचे. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं माझं.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणांची, अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आरशावर गाठ घालून द्यायचे. एरवी प्रकाश प्रकाशाला विचारत नाही. पण अगदी जुळे असलेले दोन कण एकाच क्षणी तिथे पोचले, तर दोघं मिळून एकाच वाटेने बाहेर पडतात. त्याच्याच आधारावर क्वांटम संगणकाचं गेट, म्हणजे त्याच्या आकडेमोडीचा सगळ्यात छोटा भाग, बांधायचं. बहुतेक प्रयत्न फुकट जातात, म्हणून मिट्ट काळोखात आठवडेच्या आठवडे मोजत बसायचं.

गणपतीच्या आधी एकदा आई डबा घेऊन आली. वॉचमन आमच्या कुडाळचा, त्याने सरळ वर सोडलं.

"तिन्हीसांजेक काळोखात कित्याक बसलंस गो, रुपा?" म्हणत तिने ट्यूबलाइट लावली.

एकेक कण टिपणारं यंत्र त्या उजेडात जळून गेलं. नवं यायला सहा महिने लागणार होते.

"अक्कल आहे का तुला?" मी ओरडले. "माझ्या वस्तूंजवळ पुन्हा दिवा लावलास तर बघ!"

ती डबा ठेवून गेली. डब्यात घावणे होते.

त्यानंतर लालबागच्या आमच्या खोलीतही, टेबलावर माझं काही दिसलं की ती बटणाला हात लावायच्या आधी विचारायची, "लावू?" जन्मात कुणाला न विचारणारी बाई! मला गंमत वाटायची. माफी मागायची होती, पण आज मागू, उद्या मागू, असं चाललं होतं.

शिमग्याच्या सुमारास गेट चाललं. मी पेढे घेऊन आठ वाजता घरी आले. दार नुसतं लोटलेलं, आत काळोख. पाय कशाला तरी अडला. मी बटण दाबलं. मी बटण दाबलं. तिच्या डोक्याखालची फरशी लाल झाली होती.

"दिवो लावूक नाय हां मी," ती म्हणाली. "तुझी ती काळी डबी आसा थंय टेबलार. सकाळी इसारलंस." मग थांबून विचारलं, "वाचलां मां सगळां?"

"वाचलं गं आई," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डबीत माझे इयरफोन होते.