पाठ न टेकलेल्या गुंडाचा बनियन

मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बनियन बोलतोय. दचकू नका, खिशात सुरा नाही. मला खिसाच नाही.

बासष्ट साली कोल्हापुरात एका रहस्यपटासाठी शिंप्यानं आम्हा बारा भावांना एका दिवसात शिवलं. तसल्या सिनेमांत तेव्हा ठरूनच गेलेलं असायचं. इन्स्पेक्टर गोरा, शहरी बोलणारा. गुंड काळा, दांडगा, गावाकडचा. काळा नसला तर रंग फासायचे. त्याला ना नाव, ना वाक्य. फक्त मी.

माझ्या वाट्याला आकाराम पैलवान आला. त्यानं मला चढवलं आणि माझी शिवण दोन ठिकाणी कळवळली.

हिरो काडीपैलवान. त्यानं ठोसा मारायचा, आकारामनं उताणं पडायचं, एवढंच काम. ठोसा बसला. आकाराम धाडकन पडला, पण पालथा.

"अहो, पाठीवर पडा!" डायरेक्टर ओरडले.

"पाठ टेकणार न्हाय साहेब. चीत झाला म्हंत्यात त्येला."

"हा सिनेमा आहे!"

"आसू दे की. तालमीतली पोरं तिकीट काढून बघणार हाईत."

अकरा ठोसे झाले, आकाराम अकराही वेळा पालथा. हिरोची मूठ भोपळ्याएवढी सुजली. चहाची बशी दुसऱ्यानं तोंडाला लावावी लागली. शेवटी डायरेक्टरनी हात जोडले. आकाराम मला अंगात घालूनच घरी आला. परत द्यायचं विसरलो, असं तो मरेपर्यंत सांगायचा.

पण सिनेमा लागला आणि गल्लीत बोभाटा झाला: पडद्यावर आकाराम चक्क उताणा! त्यानं शपथा घेतल्या, ऐकतंय कोण? सिनेमा आठवड्यात उतरला, बोलणं काही उतरलं नाही. नळावर भांडण झालं की शेजारची शालूबाई आकारामच्या बायकोला, धोंडुबाईला, सुनवायची, "गप गं, काडीनं पाडलेल्याची बायकू!" धोंडुबाईला सासूनं सिनेमाला सोडलंच नव्हतं. ती घागर उचलून घरची वाट धरायची. आकाराम गेला, तरी हे साठ वर्षं चाललं.

परवा धोंडुबाईच्या नातीला, तेजस्वीला, तो सिनेमा मोबाईलवर सापडला. तिनं टीव्हीला जोडला. शालूबाई न बोलावता पुढं येऊन बसली. ट्रंकेतून काढलेला मी धोंडुबाईच्या मांडीवर.

ठोसा बसला. पुढच्याच क्षणी पट्ट्यांचा बनियन घातलेला धिप्पाड गडी, उताणा, आढ्याकडं बघत.

"बघ! आता तुझ्या डोळ्यांनी बघ!" शालूबाईनं टाळी वाजवली.

धोंडुबाईनं मला मुठीत आवळलं. मला ओरडावंसं वाटलं, अगं, तो मी नव्हे! पण बनियनला गळा असतो, आवाज नसतो.

"थांबीव गं पोरी." ती उठली, टीव्हीला नाक लावून उभी राहिली. "शालू, ह्येचं कान बघ की! पुरीगत गोल हाईत. आमच्या मालकांचं दोन्ही कान तालमीत रगडून चुरगळल्यालं. लग्नात अंतरपाट निघाला आन् मला पयलं कानच दिसलं, हसू आवरंना."

तेजस्वीनं चित्र मोठं केलं. दुसराच गुंड! पट्टे तेच, रंग तोच. बाराजणांतला कुठलाही उताणा दाखवला तरी कुणाला कळतंय, असं डायरेक्टरना वाटलं असणार. आणि साठ वर्षं खरंच कुणाला कळलं नव्हतं.

शालूबाई पुटपुटली, "मला मेलीला आता नीट दिसत न्हाय."

"ह्यो घे, माझा चष्मा घाल," धोंडुबाई म्हणाली.

सिनेमावाल्यांनो, पुन्हा गुंड दाखवाल तर त्याला निदान एक नाव द्या. आणि पडायचं कसं, ते त्याचं त्याला विचारा.

सध्या मी अंगणातल्या दोरीवर आहे. धुतलेला नाही, नुसताच टांगलाय. पाठ शालूबाईच्या दाराकडं. येणाऱ्याजाणाऱ्याला धोंडुबाई थांबवते, "पावणं, जरा बघून सांगा, पाठीला माती दिसतीया काय कुठं?"