फांग पाद्रींचे गुडघे

आमच्या शांघायच्या मासिकात लिहिणारी निम्मी पोरं मिशनच्या शाळांतून आलेली. देव नाही असं ती चार पानं ठणकावून सांगतात आणि पाचव्या पानावर कुठल्यातरी पापाची कबुली देत बसतात. संपादक म्हणून मला त्याचा वीट आला होता.

फांग रुशेंग त्यातलाच, पण लेखणी धारदार. त्याच्या कथेत एक पाद्री स्वतःच्या बापाच्या शवपेटीपुढे ताठ उभा राहतो. सगळं कुळ जमिनीला कपाळ टेकतंय, आणि मेलेल्यापुढे वाकणं म्हणजे मूर्तिपूजा म्हणून हा मान वर करून उभा. भाऊबंद त्याला गावातून हाकलतात. हा पाद्री म्हणजे रुशेंगचे सख्खे वडील, हे सांगायला ज्योतिषी नको. कथेत त्यांची यथेच्छ टिंगल होती. मी ती छापली.

पुढच्याच महिन्यात निंगबोहून येणाऱ्या बोटीने स्वतः फांग पाद्री कचेरीत हजर झाले. प्रुफं तपासणाऱ्या रुशेंगचा चेहरा उतरला. मी चहा मागवला आणि गंमत बघायला सरसावून बसलो.

"रागावलात, बाबा?"

"रागावू कशाला? चर्चमध्ये मंडळींनी तुझी कथा मोठ्याने वाचली. पाद्री असावा तर असा, म्हणाले सगळे. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी तर डोळे पुसले."

मला हसू आवरेना.

"हसू नका, साहेब," म्हातारा म्हणाला. "ते खरं नाही. रुशेंग, सगळे जेवायला बसले तेव्हा मी परत आत गेलो. दार लावून घेतलं आणि तुझ्या आजोबांपुढे कपाळ टेकलं."

रुशेंगने लेखणी खाली ठेवली. "मग तुम्हीच सांगा ना मंडळींना."

"सांगायला उभा राहिलो होतो. तोंडच उघडेना. तुला शब्द सुचतात. तू लिही."

"तुम्हाला काढून टाकतील. राहतं घरही चर्चचं आहे."

"ते मला कळत नाही होय रे?"

रुशेंग कितीतरी दिवस नुसता बसून होता. ज्या बापाशी इतकी वर्षं भांडला, तो बाप कधी नव्हताच, याचं त्याला फार लागलं. शेवटी त्याने लिहिलं आणि मी छापलं. चर्चने फांगना काढलं. गावच्या भाऊबंदांनीही जवळ केलं नाही. दार लावून बापाला नमस्कार करणारा मुलगा कसला, म्हणाले. आता पाद्री रुशेंगच्या खोलीत राहतात. स्वयंपाकघरावरची खोली, दोन माणसांना जेमतेम पुरणारी.

मी गेलो तेव्हा ते खाटेवर बसून ती नवी कथा वाचत होते.

"काही चुकलंय का, बाबा?" रुशेंगने विचारलं.

"शेवटी मी ओक्साबोक्शी रडलो असं लिहिलंयस. मी रडलो नव्हतो."

"पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने अंक मिटला.

"नको," तो म्हणाला. "रडायला हवं होतं."