लिटरमागे अठरा मिलिलिटर

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वजनमापे निरीक्षक नव्या गावातल्या तिसऱ्या वाईनच्या दुकानात शिरला. बदली होऊन त्याला सव्वीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत कामाशिवाय त्याच्याशी कोणी बोललं असेल तर ती त्याची थोरली बहीण, आणि तीही फोनवर.

आधीची दोन दुकानं त्याने स्वतःच्या सवयीपायी घालवली होती. चोवीस वर्षांच्या नोकरीने हाताला वळणच तसं पडलं होतं. बाटली हाती आली की ती उजेडात धरून मानेपाशी पातळी बघायची, मग मागचं लेबल शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचून काढायचं. पहिल्या दुकानदाराने हे बघितलं आणि मालक बाहेरगावी गेलेत म्हणून सांगून टाकलं. भिंतीवरच्या परवान्यावर त्याचाच फोटो होता. दुसऱ्याने चौकशी केली आणि खोलीवर भारीतल्या दोन बाटल्या पाठवल्या. निरीक्षकाने त्या दुसऱ्या दिवशी परत केल्या, पोच घेतली आणि त्या रस्त्याने जाणं सोडलं.

त्याचं मागणं फार नव्हतं. आठवड्याला खिशाला झेपेल अशी एक बरी लाल वाईन आणि ती देताना साहेब न म्हणणारा एक माणूस. म्हणून त्याने स्वतःपुरता नियम केला, की आपल्या हद्दीत खरेदी करायची नाही. हद्द नदीवरच्या पुलाशी संपत होती. पलीकडचा भाग त्याच्या एका सहकाऱ्याकडे होता. पंचवीस मिनिटं चालावं लागे, पण घाई कुणाला होती?

तिसरं दुकान अरुंद होतं. आत एक साठीच्या पुढच्या बाई, भिंतीला टेकून दोन लाकडी पिंपं आणि बसायला एक स्टूल. सवयीप्रमाणे त्याने बाटली दिव्याखाली धरली आणि लेबल वाचू लागला. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पेपर तपासून झाले की सांगा."

तो हसला. आपण मास्तर नाही, हे त्याने सांगितलं नाही.

बाईंनी त्याच्या हातातली बाटली काढून जागेवर ठेवली. लेबलावर किल्ला दिसला की समजायचं, पैसे किल्ल्याचे घेतात, असं त्यांचं मत होतं. स्वस्तातली चांगली लाल हवी तर खालच्या फळीवर वाकायची तयारी ठेवावी. उन्हात मांडलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि रोजच्यासाठी डावीकडचं पिंप बरं, हलकी आहे, किंचित आंबट, अर्धा तास थंड केली तर छान लागते. त्यांनी चव बघायला घोटभर दिली. मग एका जुन्या पत्र्याच्या मापाने लिटरभर भरून दिली.

निरीक्षकाने ते माप बघितलं. बघू नये असं त्याने ठरवलं होतं, पण डोळे कुठे ऐकतात? बूड बाहेर फुगलेलं होतं, म्हणजे माप जास्त भरत होतं. कडेवरचा पडताळणीचा शिक्का दोन वर्षांपूर्वीच मुदतीबाहेर गेलेला. हद्द आपली नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि बाटली पिशवीत घातली.

पुढचे चार शनिवार तो गेला. धुतलेली रिकामी बाटली न्यायची, स्टुलावर बसायचं, घोटभर चाखायची आणि बाईंचं ऐकायचं. त्या आपल्या मुलीवर चिडलेल्या असत, गुडघ्यावर चिडलेल्या असत, आणि मास्तरांच्या वर्गातली पोरं कशी आहेत ते विचारत. सगळी मापात आहेत, असं तो सांगे. खोलीवर आला की ग्लास खिडकीत ठेवून तो खालच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचं शटर पडताना ऐके. नंतर जिना शांत होई, तो सोमवारपर्यंत.

बहिणीला त्याने रविवारी फोनवर सांगितलं, की इथे एक ओळखीचं दुकान झालंय. "वाईनचं?" ती म्हणाली. "तुझं लग्न त्या तराजूशी लागलं तेव्हाच मी हात टेकले होते. आता निदान कुणाशी बोलतोस तरी." मग तिने विचारलं, की त्या बाईंना तू काय करतोस ते ठाऊक आहे का. त्याने विषय बदलला.

सहाव्या आठवड्यात पलीकडच्या सहकाऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं. त्याच्या भागाचा तात्पुरता भार निरीक्षकाकडे आला आणि सोबत तपासणीची ठरलेली यादी. बुधवार, सकाळी अकरा, पुलापलीकडची पाच दुकानं. बाईंचं दुकान दुसरं.

तपासणीची आगाऊ खबर देणं नियमात बसत नव्हतं. आजवर त्याने ती कुणालाही दिली नव्हती. मधल्या शनिवारी तो स्टुलावर बसला आणि चाखायला दिलेला ग्लास त्याने तसाच काउंटरवर ठेवला.

"आज गप्प का? कोणी नापास झालं का?" बाईंनी विचारलं.

"ते माप बदला, बाई."

"वडिलांचं आहे ते. कुणाला कमी पडलं का आजवर?"

"जास्त पडतंय."

बाई मनापासून हसल्या. जास्त पडतंय म्हणून तक्रार करणारा अजून जन्माला यायचा आहे, असं म्हणून त्यांनी त्याची बाटली त्याच मापाने भरली. बुधवारच्या तपासणीचं सांगायचं तेवढं उरलं होतं. त्याने पैसे दिले आणि बाटली पिशवीत घातली.

बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तो प्रमाण मापाची पेटी घेऊन दुकानात गेला आणि ओळखपत्र पुढे केलं. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"बसा, साहेब," त्या म्हणाल्या.

तो बसला नाही. माप पाण्याने भरून तपासलं. लिटरमागे अठरा मिलिलिटर जास्त, शिक्का मुदतबाह्य. कमी असो की जास्त, मर्यादेबाहेरचं माप वापरता येत नाही, हे त्याने समजावून सांगितलं आणि नोटीस लिहिली. पंधरा दिवसांत नवं माप पडताळून घ्यावं, जुनं वापरातून काढावं. बाईंनी सही केली. माप त्यांनी स्वतःच्या हाताने फळीवरून उतरवून काउंटरखाली ठेवलं.

"शनिवारी यायचे ते कोण होते?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"सहा शनिवार बसलात इथे. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर पहिल्याच शनिवारी स्टूल गेलं असतं. अजून तीन दुकानं बाकी आहेत, एवढंच तो म्हणाला.

त्या शनिवारी तो पुलापलीकडे गेला नाही. नदीचे दोन्ही काठ आता त्याच्याच हद्दीत होते; नाक्यावरच्या मोठ्या दुकानातून त्याने एक लाल वाईन आणली, लेबल न वाचता. ती उन्हात राहिलेली निघाली. अर्धा ग्लास त्याने बेसिनमध्ये ओतला.

मंगळवारी दुपारी साडेचारला बाई कार्यालयात आल्या. नवं स्टीलचं माप त्यांनी रांगेत उभं राहून त्याच्याच टेबलावर ठेवलं. त्याने ते तपासलं, शिक्का मारला, प्रमाणपत्र दिलं. गुडघा कसा आहे, असं त्याने विचारलं. ठीक आहे साहेब, असं उत्तर आलं. पाठीमागे आणखी दोघे उभे होते. बाईंनी माप कापडात गुंडाळलं आणि त्या गेल्या.

दारातल्या कारकुनाला मात्र त्यांनी थांबून विचारलं, की साहेब किती वाजता सुटतात. कारकुनाने सहा सांगितले आणि मग गंमत म्हणून ते निरीक्षकाच्या कानावर घातलं.

निरीक्षक उठून खिडकीशी गेला. समोरच्या बसथांब्यावर बाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर कापडातलं माप. पुलाकडे जाणारी बस तिथून दर वीस मिनिटांनी सुटते. पावणेसहापर्यंत तिथून तीन बस सुटून गेल्या होत्या, आणि बाई बाकावरच होत्या.